डायनासोर पुढच्या रविवारी, गोळ्या आजच

प्रिय ताई,
सप्रेम सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका गावातली. पुण्यात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते. शनिवार-रविवारी घरी येते तेव्हा मंडळीत संडे स्कूलचा तिसरी-चौथीचा वर्ग घेते. मागच्या महिन्यात उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवत होते, तेव्हा एका मुलाने विचारलं, "टीचर, डायनासोर कितव्या दिवशी केले?" पोरं हसली, मीही हसले आणि "पुढच्या रविवारी सांगते" म्हणून वेळ मारून नेली. त्याच आठवड्यात आलेल्या पाहुण्या उपदेशकांनी सांगितलं, की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, आणि पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक जरी शब्द अक्षरशः खरा मानला नाही तर सगळं शास्त्रच नाकारल्यासारखं आहे. मी प्रयोगशाळेत ज्या काळ्या दगडाचे नमुने बघते तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्या चर्चच्या भिंतीही त्याच दगडाच्या. जेवताना एवढंच म्हणाले, तर पप्पांनी ताट बाजूला सारलं. "शिकायला पाठवलं होतं, शास्त्राला शिकवायला नाही." तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्याच उपदेशकांनी शेजारच्या मावशींवर हात ठेवून प्रार्थना केली, याकोबाच्या पत्रातलं वचन दाखवलं आणि "बरी झालीस" म्हणाले. मावशींनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. प्रभूवर माझा विश्वास आहे, मी रोज प्रार्थना करते. पण हल्ली बायबल उघडताना धाकधूक होते. मी संडे स्कूल सोडू का?
(नाव छापू नका.)

तुलाही सलाम.

डायनासोर जाऊन कोट्यवधी वर्षं झाली, ते आणखी एक रविवार थांबतील. मावशींची साखर थांबणार नाही. म्हणून तू पत्रात शेवटी लिहिलेलं मी आधी घेते.

मावशींच्या मुलाला किंवा सुनेला बरोबर घे आणि त्यांना आजच आरोग्य केंद्रात नेऊन साखर तपासून आण. तिथे वचनावर वाद घालू नको. आकडा डॉक्टरांना दाखवा, गोळ्या कशा आणि किती सुरू करायच्या ते डॉक्टरच सांगतील. उलट्या, गुंगी, धाप असं काही दिसलं तर केंद्राची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

मग एखाद्या निवांत दुपारी त्यांच्याबरोबर बसून याकोबाचा पाचवा अध्याय वाच. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथे आहे. औषध टाकून द्या, असं कुठे आहे? अक्षरशः वाचायचंच तर तेवढं तरी अक्षरशः वाचावं! त्यानंतर मावशींना तीमथ्याची दोन्ही पत्रं दाखव. पहिल्यात पौल तीमथ्याला सांगतो, नुसतं पाणी पिऊ नको, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्या काळी द्राक्षारस औषध म्हणूनही वापरत. दुसऱ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, आपण तिच्यावरून घाईने पुढे जातो: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. पौलाने! ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलं आहे, त्याचाही सोबती आजारीच राहिला, आणि पौलाने ते लपवलं नाही. शिवाय त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लूकला तो "प्रिय वैद्य" म्हणतो. मावशींना मिरजेचंही सांग. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल उभारलं. देवावरचा भरवसा उडाला म्हणून नव्हे, भरवसा होता म्हणूनच.

पाहुण्या उपदेशकांना मला एकच विचारावंसं वाटतं. मार्कच्या सोळाव्या अध्यायात विश्वास धरणारे साप उचलतील आणि विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही असंही लिहिलं आहे. त्याचं काय करायचं? अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगराळ भागात काही मंडळ्या हे वचन खरोखर पाळतात, उपासनेत विषारी साप हातात घेतात. ही प्रथा पसरवणारे जॉर्ज हेन्सली १९५५ साली साप चावूनच गेले. आपल्याकडे कोणी उपदेशक नाग उचलताना मी पाहिलेला नाही. म्हणजे कुठली ओळ अक्षरशः घ्यायची आणि कुठली नाही, हे तेही ठरवतातच, फक्त ठरवतो असं म्हणत नाहीत.

आता तुझा मूळ प्रश्न. असं वाचणं म्हणजे अविश्वास का?

शुभवर्तमानं पुन्हा वाच, आणि या वेळी एवढंच बघ, की येशूचं बोलणं अक्षरशः कोण घेतं. "नव्याने जन्मावं लागेल" म्हटल्यावर निकदेम विचारतो, म्हाताऱ्या माणसाने आईच्या पोटात परत कसं जायचं? जिवंत पाण्याचं ऐकून शोमरोनी बाई म्हणते, महाराज, विहीर खोल आहे आणि तुमच्याकडे पोहरासुद्धा नाही. "परूशांच्या खमिरापासून सांभाळा" म्हटलं की शिष्य आपसात कुजबुजतात, भाकरी आणायला विसरलो म्हणून बोलतोय वाटतं. "हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभारीन" यावर यहूदी हिशोब घालतात, हे बांधायला शेहेचाळीस वर्षं लागली. "आपला मित्र लाजर झोपला आहे" म्हटलं तर शिष्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे बरा होईल. दर वेळी शब्द नीट ऐकलेले असतात, पण बोलणं हुकलेलं असतं. येशू कोणाला त्यासाठी मंडळीबाहेर काढत नाही, पुन्हा समजावून सांगतो. मार्कच्या आठव्यात तर वैतागलेला दिसतो. "तुम्हाला अजून समजत नाही काय?" शिकवणाऱ्या कोणालाही तो सूर लगेच ओळखू येईल.

आणि रानातली परीक्षा? मंदिराच्या टोकावर सैतान येशूला एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील. शब्द स्तोत्रातलेच आहेत. येशू म्हणत नाही की स्तोत्र खोटं आहे. तो बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकातलं दुसरं वचन त्याच्याशेजारी ठेवतो: देवाची परीक्षा पाहू नको. वचन कोणी, कधी, कशासाठी पुढे केलं आहे, हे न बघता ते चालवायचं नाही, हे तिथे प्रभूनेच दाखवलं आहे. मावशींच्या अंगणात घडलं त्याचं मला म्हणून फार नवल वाटत नाही.

पाहुणे उपदेशक याला उत्तर म्हणून दुसऱ्या तीमथ्यातलं वचन पुढे करतील, सगळे करतात: शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे. आहेच. मीही तेच मानते. पण वाक्य तिथे संपत नाही. बोध करायला, चूक दाखवायला, सुधारायला आणि नीतीचं शिक्षण द्यायला तो उपयोगी आहे, असं पुढे आहे. दगडाचं वय काढायला उपयोगी आहे असं पौल म्हणत नाही. प्रेरणा म्हणजे कानात सांगितलेलं उतरवून घेणं नव्हे, हे पौलाचीच पत्रं दाखवतात. पहिल्या करिंथकरांसच्या सुरुवातीला तो लिहितो, तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस सोडून मी कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, बरं झालं. मग त्याला आठवतं: हां, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला. आणि पुढे सरळ लिहितो, आणखी कोणाला दिला का ते मला माहीत नाही. लेखनिक लिहून घेतोय, पौल येरझाऱ्या घालत आठवतोय, असंच डोळ्यांपुढे येतं. देवाने ही ओळ खोडली नाही. ज्याला माणसाच्या विसराळूपणातूनही बोलता येतं, त्या देवावर माझा विश्वास आहे. लूक तर पहिल्याच चार ओळींत सांगून टाकतो, की मी सगळ्या गोष्टींचा सुरुवातीपासून नीट शोध केला. तूही तेच करते आहेस, फक्त दगडांचा.

आता उत्पत्तीकडे, कारण पप्पांशी गाठ तिथे आहे.

पप्पांपुढे शोधनिबंध ठेवू नको. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांना म्हण, "पप्पा, पहिला आणि दुसरा अध्याय सलग मोठ्याने वाचता का? मी ऐकते." त्यांचा वाचनाचा आवाज चांगला असणार, त्या पिढीतल्या बहुतेकांचा असतो. पहिल्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी, सूर्य-चंद्र चौथ्या, मासे-पाखरं पाचव्या, सहाव्या दिवशी जनावरं आणि शेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायात जमिनीवर झुडूपही नसताना आधी पुरुष घडवला जातो, मग बाग, मग जनावरं त्याच्यापुढे नावं ठेवायला आणली जातात, आणि सर्वांत शेवटी स्त्री. दोन अध्याय शेजारी-शेजारी आहेत. ज्यांनी ते एकत्र ठेवले त्यांना फरक दिसला नसेल? दिसलाच असणार, आणि तरी दोन्ही ठेवले. वेळापत्रक द्यायचं असतं तर एकच ठेवलं असतं.

पहिल्या अध्यायाची बांधणी तर पाहण्यासारखी आहे. कागदाचे दोन रकाने कर. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा दिवस, उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा. पहिल्या दिवशी प्रकाश, त्याच्यासमोर चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी वेगळं, समोर पाचव्या दिवशी पाखरं आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि हिरवळ, समोर सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. डावीकडे जागा तयार होतात, उजवीकडे त्या भरतात. मधे धृपद: संध्याकाळ झाली, सकाळ झाली. सूर्य चौथ्या दिवशी येतो, तरी त्याआधी तीन संध्याकाळी होऊन गेलेल्या! हे लिहिणाऱ्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. हे लेखन बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे यहूद्यांना कैद करून बाबेलला नेलं त्या काळाच्या, आसपासचं, असं बरेच अभ्यासक धरतात. बाबेलात सूर्य-चंद्र देव होते. त्या लोकांमध्ये राहून इथला लेखक सूर्याला चौथ्या दिवशी दिव्यासारखा टांगतो आणि पुढे जातो. त्या काळी हे म्हणायला मोठी छाती लागली असेल. यात पृथ्वीचं वय शोधत बसलं की ही छाती दिसतच नाही.

सहा हजारांचा आकडा कुठून आला, हे पप्पांना माहीत नसेल. बायबलमध्ये तो कुठेही लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी मांडून १६५० साली हिशोब काढला, की सृष्टी ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली. मोठा विद्वान माणूस, प्रामाणिक मेहनत. पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात ती सालं छापली गेली आणि वाचणाऱ्यांना समास आणि वचन एकच वाटू लागलं. त्याच्याही बाराशे वर्षं आधी संत ऑगस्टीन यांनी बजावलं होतं, की आकाश-पृथ्वीबद्दल जे बाहेरच्यांनाही पक्कं ठाऊक असतं त्यावर ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने भलतंच बोलला, तर ते हसतील, आणि मग पुनरुत्थानाबद्दल आपलं कोण ऐकणार? सहा दिवस हे सहा घड्याळी दिवस आहेत असं ते स्वतः मानत नव्हते. डार्विन जन्मायला तेव्हा चौदाशे वर्षं बाकी होती, म्हणून "विज्ञानाला घाबरून अर्थ बदलला" हा आरोप त्यांना तरी लागत नाही. कॅल्व्हिन सोळाव्या शतकातले, वचनाच्या बाबतीत फार कडक. उत्पत्तीवर लिहिताना तेही म्हणतात, की शनी चंद्रापेक्षा मोठा आहे हे ज्योतिर्विद सिद्ध करतात, पण मोशे साध्या डोळ्यांना दिसतं ते लिहितो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचं आहे त्याने दुसरीकडे जावं. तू पुण्याला गेलीस ती कॅल्व्हिनच्या सांगण्यावरूनच, असं पप्पांना हसत सांगायला हरकत नाही.

"मूलतत्त्ववादी" हा शब्द ज्यांच्यावरून आला त्या अमेरिकेतल्या १९१० ते १९१५ च्या पुस्तिकांत लिहिणारे जेम्स ऑर यांनाही पृथ्वी फार जुनी आहे हे मान्य होतं. सहा हजार वर्षांचा आजचा हट्ट अमेरिकेतून १९६० च्या दशकानंतर जोरात पसरला. पाहुणे उपदेशक ज्याला बापजाद्यांचा विश्वास म्हणतात तो एवढ्या अलीकडचा आहे. कॅथलिकांत बारावे पायस यांनी १९४३ सालीच परिपत्रक काढून सांगितलं, की कुठलं लेखन कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखून वाचा. वसईकडच्या एखाद्या कॅथलिक मैत्रिणीला विचार, तिला तुझी ही अडचण कदाचित कळायचीच नाही.

आता दुसरी बाजू. अक्षरशः वाचायचं नाही म्हणजे जे जड जाईल त्याला रूपक म्हणायचं, असं नाही. मला ही सवय पहिल्या प्रकाराइतकीच नापसंत आहे. "शत्रूवर प्रीती करा" यात रूपक काही नाही. भावाकडून व्याज घेऊ नको असं अनुवादात आहे, पण सहा दिवस अक्षरशः मानणाऱ्या मंडळीच्याही बँकेत मुदत ठेवी असतात. पहिल्या करिंथकरांसच्या पंधराव्यात पौल पुनरुत्थानाबद्दल लिहितो तेव्हा सूर वेगळाच आहे. ख्रिस्त केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, त्यांतले बरेच अजून हयात आहेत. ही साक्षीदारांची यादी आहे, जा आणि विचारा असा रोख आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, असंही तो म्हणतो. त्याला कविता म्हणून सोडून देता येत नाही, आणि मी देत नाही. उलट नीतिसूत्रांच्या सव्विसाव्यात एका ओळीत लिहिलंय मूर्खाला उत्तर देऊ नको, आणि लगेच पुढच्या ओळीत, मूर्खाला उत्तर दे. दोन्ही खरं आहे, कधी कुठलं ते तुला ठरवायचं आहे. लेखन कुठल्या जातीचं आहे हे आधी विचारायचं ते यासाठी.

शब्द धरून ठेवला आणि माणूस सोडला तर काय होतं, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. "दासांनो, धन्याच्या आज्ञा पाळा" हे वचन अमेरिकेतले गुलामांचे मालक तोंडपाठ म्हणत. गुलामगिरीच्याच प्रश्नावर १८४५ मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले, आणि त्यांच्या संघाने माफी मागायला १९९५ उजाडलं. नगर-जालन्याकडच्या आपल्यातल्या कितीतरी जणांचे पणजोबा गावकुसाबाहेरून मंडळीत आले. त्यांना दासांच्या आज्ञेने ओढून आणलं नाही. त्यांनी निर्गम, म्हणजे मिसरातल्या गुलामांच्या सुटकेची गोष्ट, ऐकली, तिथल्या विटा ऐकल्या, आणि म्हणाले, हे आपलंच आहे. तेव्हा त्यांना लिहितावाचताही येत नव्हतं, पण कुठल्या वचनाने कुठल्या वचनाला उजेड द्यायचा हे त्यांनी बरोबर ओळखलं. पप्पा हे ऐकतील असं मला वाटतं, कारण यात त्यांच्या आजोबांचा मान आहे. त्यांचा राग दगडावर नाहीच. मुलगी शिकली आणि आता आपल्याला अडाणी समजते, ही ती भीती आहे. म्हणून पहिले काही दिवस भूगर्भशास्त्र काढूच नको, फक्त ऐक. वाचताना ते मधे थांबून एखादी आठवण सांगायला लागले, तर सांगू दे.

वर्गाचं सोपं आहे. त्या मुलाला चारचौघांत सांग, की तुझा प्रश्न चांगला होता, मी उत्तर शोधून आले. डायनासोर होते. बायबल त्यांच्याबद्दल काही सांगत नाही, कारण ते पुस्तक देव कोण आणि आपण कोण हे सांगायला लिहिलं आहे. मग पोरांना बाहेर ने आणि चर्चच्या भिंतीला हात लावायला सांग: हा दगड एकेकाळी तापलेला रस होता, आणि डायनासोर संपले तो काळ साधारण हाच. आत येऊन दोन रकान्यांचं चित्र काढून घे. तिसरी-चौथीची पोरं डावं-उजवं जुळवायला लागली की तुला काही समजवावं लागणार नाही. "पाहुणे काका चुकले" असं मात्र वर्गात म्हणू नको. ते घरी जाऊन कसं सांगितलं जाईल ते तुलाही माहीत आहे.

संडे स्कूल सोडू नको. पण हे चित्र वर्गात काढण्याआधी पाळकसाहेबांना दाखव, म्हणजे कोणी तक्रार घेऊन गेलं तर त्यांना ते पहिल्यांदाच ऐकावं लागणार नाही. सेमिनरीत हे सगळं त्यांनी बहुधा शिकलेलं असतं, व्यासपीठावरून बोलत नाहीत एवढंच. मावशींचंही त्यांच्या कानावर घाल, ते जास्त महत्त्वाचं आहे. पाहुण्यांना कोण बोलावतं आणि ते आजाऱ्यांना काय सांगतात, हे बघणं पाळकाचं आणि वडीलमंडळाचं काम आहे, तुझं नाही. उपासना सुटल्यावर दारात गाठू नको, तेव्हा त्यांच्याभोवती दहा जण असतात. आधी फोन करून शनिवारी दुपारी घरी जा, आणि मावशींच्या मुलाला बरोबर ने.